१० ऑगस्ट १९५० रोजी आपले आजोबा कोठे होते?

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयात नव्याने निवड झालेल्या उमेदवारांच्या कागदपत्रांची तपासणी चालू होती. हे काम एरवी खालच्या पातळीवरच संपते. एका प्रकरणात मात्र शंका उपस्थित झाली आणि फाइल माझ्या टेबलावर आली. शंका अशी : उमेदवार मुलीचा जन्म भिलाईचा, शाळा भिलाईची, पदवी दुर्गची, आईवडिलांचा पत्ता भिलाईचा, पण अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मात्र महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्याचे. 'विसंगतीचा खुलासा उमेदवाराकडून मागवावा' असा शेरा आमच्या विभागाने मारला होता.

मी तिला बोलावून घेतले. मराठी चांगले बोलत होती. मधूनमधून हिंदीचा हेल येई, जो मध्य भारतात वाढलेल्या आपल्या सर्वांच्याच बोलण्यात येतो. ती म्हणाली, "सर, आम्ही भिलाईचेच. भंडाऱ्याला आता आमचं कोणी नाही. पण छत्तीसगडचं प्रमाणपत्र आम्हाला मिळत नाही. आजोबा पन्नास साली तिथं नव्हते ना."

आजोबा १९५६ च्या उन्हाळ्यात कारखान्याच्या बांधकामावर मजूर म्हणून भिलाईला गेले आणि पुढे तेथेच कायम झाले. वडील तेथेच जन्मले. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांनी भंडाऱ्याच्या तीन खेपा केल्या. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तेव्हा त्यांच्या नावाची नोंद कोठे मिळणार? अखेर चुलत आजोबांच्या नावाने १९४१ सालच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक नोंद सापडली. जातीच्या रकान्यात जे लिहिलेले सापडावे म्हणून ही सारी धावपळ होती, ते तेथे होते. त्या एका शब्दावर एका मुलीचे आयुष्य टांगलेले होते, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. पण फाइलीत त्यापलीकडे दुसरा पुरावाच नव्हता.

केंद्रीय सेवेपुरते पाहिले तर प्रकरण सरळ होते. मूळ राज्याचे प्रमाणपत्र केंद्राच्या नोकरीत सर्वत्र चालते. मी सही केली, ती रुजू झाली. परंतु जाताना तिने सहज सांगितले की छत्तीसगड राज्याच्या ज्या ज्या परीक्षांना ती बसली, तेथे तिला खुल्या प्रवर्गातूनच अर्ज करावा लागला. आणि धाकट्या भावाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळीही तेच झाले. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून अर्ज करावा तर तेथे त्याला अधिवास नाही. ज्या राज्यात तो जन्मला तेथे त्याला जात नाही, आणि ज्या राज्यात जात आहे तेथे त्याला घर नाही.

ही काही कोणा कारकुनाची आडमुठी नव्हे. हा आपला कायदा आहे. त्याविषयी मला आज थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे. सेवेतील आचरण नियमांचे भान ठेवून, पण फार गुळमुळीतपणे नव्हे.

संविधानाच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांखाली राष्ट्रपती प्रत्येक राज्याची अनुसूचित जातींची आणि जमातींची यादी काढतात. जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा, जमातींचा ६ सप्टेंबर १९५० चा. ज्याचा जन्म त्यानंतरचा, त्याचे मूळ स्थान म्हणजे आदेशाच्या दिवशी त्याच्या आईवडिलांचे कायम वास्तव्य जेथे होते ते, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने १९७७ मध्ये सांगून ठेवले. आता १९५० ला पाऊणशे वर्षे उलटली असल्यामुळे आईवडिलांच्या जागी आजोबा आणि पणजोबा आले आहेत, एवढाच काय तो फरक. १९८२ मध्ये त्याच मंत्रालयाने थोडी दया दाखविली : स्थलांतरितांच्या मुलांना नव्या राज्यातील अधिकाऱ्यानेही वडिलांच्या मूळ दाखल्यावरून प्रमाणपत्र द्यावे. खेपा वाचल्या. (सर्वांच्या वाचल्या असे नाही, वडिलांचाच दाखला काढलेला नसेल तर पहिली खेप चुकत नाही.) पण त्या प्रमाणपत्राचा नव्या राज्यात उपयोग शून्य, हेही १९८५ च्या परिपत्रकाने लगेच स्पष्ट केले. हातात कागद द्यावयाचा आणि त्यावर 'येथे वटणार नाही' असे लिहावयाचे, यात आमच्या खात्यांना काही विसंगती दिसत नाही.

१९९० साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीच्या एका गृहस्थांना केंद्राच्या एका सार्वजनिक उपक्रमात राखीव जागेवर नोकरी मिळून ते मुंबईस आले होते. मुलाला मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश हवा होता. न्यायालयाने 'त्या राज्याच्या संबंधात' या अनुच्छेदातील शब्दांवर बोट ठेवले आणि सांगितले की मागासलेपण हे त्या त्या राज्याच्या सामाजिक परिस्थितीशी निगडित आहे, ते माणसाबरोबर सीमा ओलांडून जात नाही. १९९४ मध्ये त्याच मताचा पुनरुच्चार झाला. दोन्ही राज्यांच्या याद्यांत त्याच नावाची जात असली तरीही फरक पडत नाही, हेही सांगितले गेले. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यांपुरता तोच नियम कायम केला. त्याच वर्षी, पंजाबातून लग्न होऊन उत्तराखंडात गेलेल्या वाल्मीकी समाजातील एका स्त्रीलाही तेथे राखीव जागेचा हक्क नाकारण्यात आला. आपल्याकडे स्त्रिया गाव सोडतात त्या बहुतांशी लग्नामुळे. गोंदिया आणि बालाघाट यांच्यामध्ये किती सोयरिकी दरसाल होतात हे त्या भागातील कोणासही विचारावे. त्यातील प्रत्येक सून एका राज्याची मागास आणि दुसऱ्या राज्याची पुढारलेली ठरते, अंतर फक्त एका जिल्ह्याचे.

न्यायालयाला मी दोष देत नाही. १९९० च्या त्या निकालातच न्यायमूर्तींनी म्हटले आहे की या पैलूकडे पाहून संसदेने योग्य कायदा करण्याचा विचार करावा. शब्द संविधानाचे आहेत, ते न्यायालयाने वाचले आणि दार कोणाचे ठोठवायचे तेही दाखविले. मध्ये इतकी सरकारे आली आणि गेली, सर्व पक्षांची. असा कायदा झालेला नाही.

आता भिलाईकडे परत येऊ, कारण या प्रकरणातला खरा विनोद तेथे आहे.

१० ऑगस्ट १९५० रोजी भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव मध्य प्रदेश, आणि त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, २००० मध्ये छत्तीसगड झाले. म्हणजे या मुलीचे आजोबा १९५६ च्या उन्हाळ्यात जेव्हा गाठोडे घेऊन गाडीत बसले तेव्हा ते परराज्यात गेलेच नाहीत. ते आपल्याच राज्याच्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. गोंदिया ते दुर्ग हे अंतर गाडीने अवघे दोन-तीन तासांचे. सीमा ओलांडली ती आजोबांनी नव्हे. सीमाच नंतर येऊन त्यांच्या आणि त्यांच्या गावाच्या मध्ये उभी राहिली. त्यांची जात तेव्हाच्या यादीत होती, आजच्या महाराष्ट्राच्या यादीत आहे, आणि आजच्या छत्तीसगडच्या यादीतही आहे. तरी नातवाला तहसिलीत विचारतात ते इतकेच : आजच्या छत्तीसगडच्या हद्दीत तुमचे आजोबा पन्नास साली होते काय?

यावर सर्वोच्च न्यायालयाने एकदा विचार केलेला आहे. २००३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून विदर्भात आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की पूर्वी हे दोन्ही भाग एकाच राज्यात असताना केवळ पुनर्रचनेमुळे माणसाचा हक्क संपतो काय, हा प्रश्न गंभीरपणे पाहावयास हवा. २०२१ मध्ये बिहार-झारखंडच्या संदर्भात तर स्पष्टच सांगितले की राज्य विभागल्यामुळे कोणाचा हक्क बुडत नाही. दोहोंपैकी कोणत्याही एका राज्यात तो मागता येईल, मात्र दोन्हीकडे एकाच वेळी नाही. इतके असूनही तहसिलीतील छापील अर्जाचा रकाना बदललेला मी पाहिला नाही. आमच्या व्यवस्थेत निकाल अहवालांत छापले जातात आणि अर्ज वेगळ्याच छापखान्यात.

आणि ते आजोबा भिलाईस गेले कशासाठी? हौसेने नव्हे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, दुर्ग जिल्ह्यातील शेतजमिनीवर पोलादाचा कारखाना उभा करण्याचे ठरले, १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीखालची माती कोणी उपसली? केरळचे, आंध्रचे, बिहारचे, पंजाबचे आणि विदर्भाचे लोक तेथे गेले, आणि भिलाई हा छोटा भारत आहे असे आपण कौतुकाने म्हणू लागलो. भिलाईचे रूळ साऱ्या देशात गेले आणि कोणत्याही राज्याने त्यांना अधिवास विचारला नाही. ज्यांना सरकारने राष्ट्रउभारणीसाठी म्हणून बोलाविले, त्यांच्यातील सर्वांत खालच्या माणसाला त्याच सरकारने बजावले की या कामावर येताना तुझे घटनादत्त संरक्षण गावाच्या वेशीवर ठेवून ये. सवर्ण अभियंत्याने असे काही ठेवले नाही. त्याच्याजवळ ठेवण्यासारखे तसे काही नव्हते, आणि जे होते, म्हणजे शिक्षण, इंग्रजी, ओळखीपाळखी, ते सारे तो बरोबर घेऊन आला.

येथे मी माझ्याकडे वळतो. मी खुल्या प्रवर्गातला. नोकरीत आजवर पाच राज्यांत राहिलो. माझ्या मुलांच्या शिक्षणाचे काय होईल ही चिंता मला कधी करावी लागली नाही, कारण ती चिंता माझ्या आधीच्या पिढीतील अधिकाऱ्यांनी माझ्यासाठी करून ठेवली होती. बदल्यांमुळे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचे नुकसान होते हे सरकारला फार लवकर समजले. १९६३ मध्ये त्यासाठी एक संघटनच उभे राहिले आणि आज केंद्रीय विद्यालयांची संख्या बाराशेहून अधिक आहे. प्रवेशाच्या प्राधान्यक्रमात आम्ही पहिले. अधिवासाचेही तसेच. व्यावसायिक प्रवेशाच्या नियमावलीत राज्याराज्यांतून एक पोटकलम सापडते : 'केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मुले यास अपवाद.' माझ्या थोरल्या मुलीला अशाच एका राज्याच्या कोट्यातून प्रवेश मिळाला, जेथे आम्ही येऊन तीन वर्षेही पुरती झाली नव्हती. तेव्हा मी त्या पोटकलमाखाली सही केली आणि मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. बदली झाली, त्यात मुलीचा काय दोष, असे मी म्हणालो असेन. बरोबरच होते. पण त्या कार्यालयाच्या फाटकाशी इस्त्रीची गाडी लावणारा माणूस त्याच राज्यात वीस वर्षे होता, त्याच्या मुलाला अधिवासाच्या दाखल्यासाठी मालकाचे भाडेपत्र मागत होते, आणि झोपडीचे भाडेपत्र कोणी करून देत नाही.

स्थलांतराने मुलांचे नुकसान होते हे ज्ञान सरकारजवळ नाही असे नव्हे. ते साठ वर्षांपासून आहे. ते फक्त पगारपत्रकावर नाव असलेल्यांपुरते लागू करण्यात आले.

घराबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनाही मला एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथे आपल्यापैकी ज्यांची घराणी शिंदे-होळकर-गायकवाड-भोसल्यांबरोबर गेली, त्यांना आपण कोठले, हे कोणी आजोबांच्या नावाने विचारत नाही. आपण त्या स्थलांतराला इतिहास म्हणतो, त्याच्या स्मरणिका काढतो. भिलाईला, बल्लारशाच्या पुढे खाणींत, जबलपूरच्या कारखान्यांत जे मजूर म्हणून गेले त्यांच्या स्थलांतराला आपण काही नावच दिलेले नाही. बृहन्महाराष्ट्राच्या गणेशोत्सवांत त्यांच्या दाखल्यांचा विषय निघाल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांच्या आंबेडकर जयंतीला मात्र तो दरवर्षी निघतो.

महाराष्ट्राने या बाबतीत कोणाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. आपल्याकडेही अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा आहेत. मुंबईची गटारे आणि रस्ते साफ करणाऱ्यांत गुजरातमधून, हरियाणातून आलेली कुटुंबे आहेत. तिसरी-चौथी पिढी तेच झाडू हातात घेऊन आहे. 'ते येथे मागास नाहीत' असे म्हणणाऱ्या तज्ज्ञाने पहाटे पाच वाजता एखाद्या महापालिकेच्या हजेरी चौकीवर उभे राहून पाहावे. झाडू सीमा ओलांडतो, मागासलेपण ओलांडत नाही, हा समाजशास्त्राचा सिद्धांत मला माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कोठे आढळला नाही.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही, आणि ती न मांडता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप स्थानिकांचा. छत्तीसगडमधील सतनामी किंवा महार कुटुंब शिक्षणात मागे. विदर्भातील बौद्ध समाज आंबेडकरी चळवळीमुळे पुढे. दार उघडले तर बाहेरचे सर्व जागा घेऊन जातील. ही भीती खरी आहे आणि तिच्यामागे हिशेब आहे. पण ती भीती आज येणाऱ्याविषयी असावी. ज्याचा बाप तेथे जन्मला, जो पहिलीपासून तेथील शाळेत, तेथील स्थानिकांच्याच बाकावर बसला, तो बाहेरचा कसा? खुल्या प्रवर्गात तो छत्तीसगडचा स्थानिक म्हणून मोजला जातोच. त्याला अधिवास आहे. म्हणजे राज्य म्हणते की तू आमचा आहेस, फक्त तुझी जात आमची नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले म्हणजे त्यातील निरर्थकता कळते.

दुसरा आक्षेप याद्यांतील फरकाचा. धोबी समाज उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्रातील परीट इतर मागास वर्गांत. मध्य प्रदेशात तर धोबी केवळ भोपाळ, रायसेन आणि सीहोर या जिल्ह्यांपुरते अनुसूचित जातींत. जिल्हा ओलांडला की नाहीत. (ही नोंद अजून तशीच आहे.) अस्पृश्यतेचे रूप प्रांताप्रांतांत वेगळे होते हे मान्यच केले पाहिजे. ज्या राज्याच्या यादीत जातच नाही तेथे हक्क द्यावा असे माझे म्हणणे नाही. पण जेथे दोन्ही राज्यांनी एकाच जातीला अनुसूचित म्हणून मान्यता दिली आहे, तेथे या आक्षेपात काय उरते?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या नावाने मांडला जातो. आज जो सोळावा अनुच्छेद आहे त्यावरील चर्चेत, १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांनी वास्तव्याच्या अटीचे समर्थन केले होते. या प्रांतातून त्या प्रांतात उडत जाणाऱ्या, कोठेच मुळे नसलेल्या पाखरांना नोकऱ्या देता येणार नाहीत, अशा अर्थाचे ते बोलले. अगदी खरे. परंतु त्यांचा निकष मुळांचा होता, रक्ताचा नव्हता. आणि त्यांनी ती अट घालण्याचा अधिकार संसदेकडे दिला, राज्यांकडे नव्हे; एकेका राज्याने आपापली कुंपणे घालू नयेत म्हणून. त्या अधिकाराखाली संसदेने १९५७ मध्ये कायदा केला तो वास्तव्याच्या अटी मोडीत काढणारा होता, तेलंगणासारखे थोडे भाग अपवाद ठेवून. ज्या घराची तीन पिढ्यांची मुळे भिलाईच्या वसाहतीत आहेत त्याला उडते पाखरू म्हणणे हा त्या भाषणाचा अर्थ होत नाही. शिवाय खेडे हे अस्पृश्यांचा तुरुंग आहे, तेथून बाहेर पडा, हे त्यांच्याइतक्या कठोरपणे दुसऱ्या कोणी सांगितले? स्वतः ते १९४६ मध्ये संविधान सभेवर निवडून आले ते बंगालमधून. ज्यांनी त्यांचे ऐकले आणि गाव सोडले, त्यांना आपण नेमके त्याच गावी दाखल्यासाठी परत पाठवितो. कोतवाल बुकाची नक्कल आणा, पाटलाच्या काळचे काही असेल तर आणा, असे सांगतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट खटकते. एका पिढीत गरीब माणसाची स्थिती बदलण्याचे जे दोन-तीन मार्ग आपल्या देशात प्रत्यक्ष चालले, त्यात पहिला म्हणजे गाव सोडणे आणि दुसरा म्हणजे राखीव जागेतून शिक्षण व नोकरी. सवर्ण गरिबाला पहिला मार्ग मोकळा आहे. दलित गरिबाला दोन्ही आहेत असे आपण समजतो. वस्तुतः त्याला दोहोंपैकी एक निवडावा लागतो. राज्य सोडले तर दुसरा मार्ग केंद्राच्या नोकरीपुरता उरतो. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी निघाली, पण त्यात राज्याची सीमा ओलांडलेले फक्त साडेपाच कोटींच्या आसपास. जागतिक बँकेशी संबंधित अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत राज्याची सीमा येत नसेल तर लोकांची ये-जा, सीमा येणाऱ्या तशाच जिल्ह्यांच्या तुलनेत, निदान दीडपट असते. सीमेवर ना नदी ना डोंगर, भाषाही बहुधा तीच. अडविणारे काय? शिधापत्रिका, कॉलेजातील कोटा, राज्याची नोकरी. त्यातील शिधापत्रिकेचा प्रश्न आपण २०१९ ते २०२२ या तीन वर्षांत सर्व राज्यांपुरता सोडविला. टाळेबंदीत रस्त्याने चालणारी माणसे दिसली तेव्हा त्या कामाला वेग आला. मालाचा प्रश्न २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने सुटला. म्हणजे हे अशक्य असते असे नाही.

याच विषयातही एकदा ते शक्य झाले आहे, आणि ते फारसे कोणाला आठवत नाही. १९७६ पर्यंत अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यांच्या नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी तालुक्या-जिल्ह्यांच्या होत्या. विदर्भात एखादी जमात मेळघाटात अनुसूचित आणि शेजारच्या तालुक्यात बिगर-अनुसूचित, असे होते. त्या वर्षी संसदेने कायदा करून बहुतेक क्षेत्रबंधने उठविली. तेव्हाही म्हटले गेले असेल की मागासलेपण त्या तालुक्यापुरतेच आहे. त्यानंतर आकाश कोसळले नाही. एका बाबतीत खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला हे खरे, पण त्यावर उपाय म्हणून पडताळणी समित्या आल्या, क्षेत्रबंधन परत आले नाही.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असावी. उमेदवाराचा जन्म नव्या राज्यात झालेला असावा, किंवा त्याचे दहा वर्षांचे शालेय शिक्षण तेथे झालेले असावे. एका राज्यात हक्क घेतला की दुसऱ्या राज्यातील हक्क कायमचा सोडल्याची नोंद व्हावी. आता दाखले संगणकावर आहेत, त्यामुळे दोन्हीकडून लाभ घेणारा सापडणे अवघड नाही. लग्न होऊन आलेल्या स्त्रीला ती अट नसावी. तिने कोठे जन्मावे हे तिने ठरविलेले नव्हते, आणि बहुधा कोठे नांदावे हेही नाही. १९५६ च्या आणि २००० च्या पुनर्रचनेत ज्यांच्या अंगावरून सीमा गेली त्यांना तर नवा कायदाही नको. २००३ आणि २०२१ च्या निकालांच्या आधारे एक परिपत्रक पुरे आहे. ते काढावयास एका अवर सचिवाचा एक दिवस लागेल; वर त्यावर मते मागविण्यास किती वर्षे लागतील ते मी सांगू शकत नाही.

या विषयावर मी दोनदा टिपण लिहून वर पाठविले. पहिल्या खेपेस ते 'विषय राज्यांच्या अखत्यारीतील' म्हणून परत आले. दुसऱ्या खेपेस मी अनुच्छेद ३४१ चे दुसरे कलम सोबत जोडले, ज्यात यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेचा आहे असे लिहिले आहे. त्यावर शेरा आला : 'पाहिले. यथावकाश.'

त्या मुलीचा भाऊ पुढे खुल्या प्रवर्गातून एका खासगी महाविद्यालयात गेला. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलली. गेल्या वर्षी तिचे लग्न झाल्याचे कळले. सासर ओडिशातले, राउरकेल्याचे, तेही पोलाद कारखान्यात गेलेल्या नागपूरकडच्या कुटुंबाचे. अभिनंदनासाठी फोन केला तेव्हा तिने हसत विचारले, "सर, आता मुलं झाली तर दाखला कुठून काढायचा, भंडाऱ्याहून की नागपूरहून?" वडिलांकडून काढावा लागेल, म्हणजे नागपूरहून, असे मी सांगितले. त्यांच्या पणजोबांची काही नोंद मिळते का ते आतापासूनच पाहून ठेवा, असेही म्हणालो.